घाईत लिहिलेलं अक्षर

त्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आधी पाणी मिळायचं, मग कागद.

"सावकाश लिहा," अक्षरकाका पेन पुढे करत म्हणायचे. "घाईत लिहिलेलं अक्षर शास्त्रात धरत नाहीत."

वाक्य ठरलेलं होतं: 'झाडाखाली बसून म्हातारा सुईत दोरा ओवत होता.' या एका वाक्यात माणसाच्या स्वभावाला लपायला जागाच उरत नाही, असं काकांचं ठाम मत. शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही ते लिहून दिलं होतं आणि समोर नव्याने राहायला आलेल्या बाईंनीही. बाई पुन्हा आल्या नाहीत. त्याचा अंदाज काकांना त्यांच्या वेलांटीवरून आधीच आला होता म्हणे.

काकांची सगळी नोकरी पाणीपुरवठा कार्यालयात, तक्रार विभागात गेली. लोकांच्या हातचे अर्ज वाचणं हेच काम. म्हणजे ते अक्षर वाचायचे. मजकुरापर्यंत पोचायला वेळ कुठे होता? आमच्या नळाला महिनाभर थेंब नाही, असं एखादा कळवळून लिहायचा आणि काका समासात टिपण करायचे, 'उकार लांबवतो. खर्चीक.' नळ कोरडाच राहायचा, स्वभावाची नोंद मात्र पक्की व्हायची. निवृत्त होताना साहेबांनी त्यांच्या व्यासंगाचं कौतुक केलं. कोरड्या नळांच्या तक्रारदारांना समारंभाला कोणी बोलावलं नव्हतं.

त्यांचं शास्त्र कडक होतं. शब्द लिहून मग शिरोरेषा ओढणारा विचारी. आधी रेषा ओढून तिला अक्षरं टांगणारा हुकूमशहा. रेषाच न देणारा आतल्या गाठीचा. त्याला चहा द्यावा, पण मुलगी देऊ नये.

या शास्त्राचा सर्वांत मोठा पुरावा दिवाणखान्यात, दाराच्या बरोबर समोर, चौकटीत टांगलेला होता. तेच वाक्य, पिवळ्या पडलेल्या कागदावर. अक्षर काय होतं! गोल, शांत, एका रेषेत चालणारं. लग्न ठरताना काकांनी निरोप पाठवला होता, 'मुलगी नंतर बघू, आधी अक्षर पाठवा.' अक्षर आलं आणि त्यांनी मुलगी न बघताच होकार कळवला. "मृदू, काटकसरी, शब्दाबाहेर न जाणारी," ते पाहुण्यांना चौकट दाखवून सांगत. "अक्षरात सगळं होतं. आणि तीस वर्षं मी अनुभव घेतोय."

हे ऐकत काकू चहा घेऊन यायच्या. ज्या सोफ्यावर बसून पाहुणे माना डोलवायचे, तो काकूंनी कोणालाही न विचारता आणला होता. घर बदलायचं त्यांनी ठरवलं, लेकीला लांबच्या कॉलेजात त्यांनीच धाडलं, काकांच्या मिशाही त्यांनीच उतरवायला लावल्या. पण चौकटीतली बाई मृदू आणि शब्दाबाहेर न जाणारी होती, त्यामुळे काकांना यातलं काही दिसलंच नाही. सगळं आपणच ठरवलं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आणि ते अक्षर काकूंचं नव्हतंच.

काकूंचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी पळाल्यासारखं. तो निरोप आला तेव्हा त्यांच्या वडिलांनी कपाळाला हात लावला होता. थोरल्या भावाने, दादाने, "आण इकडे," म्हणत शीळ वाजवत ते वाक्य लिहून टाकलं. पहिल्याच आठवड्यात नवऱ्याला खरं सांगायचं, असं काकूंनी ठरवलं होतं. पण तोवर चौकट टांगून झाली होती. पुढे कधी त्यांनी लिहिलेली किराण्याची यादी काकांच्या हाती पडलीच, तर ते हसून म्हणायचे, "घाईत लिहिलीस वाटतं." बँकेतली सही तर चित्रात मोडते, शास्त्रात नाही. हळूहळू काकूंनाही ती चौकट सोयीची वाटायला लागली. तिच्या आडून काय वाटेल ते करता येत होतं.

गंमत पुढेच आहे. काकांना जगात एकच माणूस बेभरवशाचा वाटायचा, तो म्हणजे हा मेहुणा. पाच धंदे करून सोडलेला, हातात पैसा आला की वाटून मोकळा होणारा. "तुझे बंधुराज," काका म्हणायचे, "त्यांचा स्वभाव ओळखायला अक्षर कशाला? हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणून मेहुण्याला त्यांनी कधी कागदच दिला नव्हता.

तर अशा घरात लेकीने एक मुलगा आणला. चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचा. बोलायला बरा, ऐकायला त्याहून बरा. काकूंना तो दाराशी चपला काढतानाच आवडला, कारण त्याने आपल्याबरोबर काकांच्याही नीट लावून ठेवल्या. मग पाणी आलं, कागद आला, म्हातारा झाडाखाली बसला. काकांनी कागद उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. शिरोरेषेचा पत्ता नव्हता. अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेललेली.

मुलगा गेल्यावर ते म्हणाले, "जमणार नाही."

"बाबा, दोन वर्षं ओळखते मी त्याला!"

"मी दोन ओळींत ओळखलं. आतल्या गाठीचा, हट्टी, कोणाचं न ऐकणारा. असल्या माणसाशी संसार होत नाही, बाळा."

लेक भांडली, रडली, शेवटी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. "आई, तू काहीतरी कर ना. बाबांचा होकार नसेल तर तोही नको म्हणतो. घरात भांडण लावून यायचं नाही म्हणे त्याला."

काकू भांडी विसळत राहिल्या. करण्यासारखं एकच होतं, पण ते केलं की चौकट जाणार होती, आणि चौकटीबरोबर तिच्या आडचं राज्यही. त्यांनी हात पुसले आणि फोन उचलला.

"दादा, रविवारी ये. लिहायचंय."

पलीकडे दादा खदखदून हसला. "अजून टांगलंय ते?"

रविवारी दादा आला. "काय भावोजी, शास्त्र काय म्हणतं?"

"आज दादालाही लिहू द्या," काकू म्हणाल्या.

"कशाला शाई वाया घालवायची?" काका म्हणाले. पण काकूंनी कागद ठेवला होता आणि दादाने शीळ वाजवत लिहायला सुरुवातही केली होती. लिहून झालं तशी काकूंनी भिंतीवरची चौकट काढून त्या कागदाशेजारी ठेवली.

काकांनी चष्मा लावला. काढला, पुसला, पुन्हा लावला. तोच गोलपणा. तीच शांत रेषा.

"म्हणजे..." ते म्हणाले. "मी इतकी वर्षं कोणाशी..."

"माझ्याशी संसार केलात," काकू म्हणाल्या. "अक्षर तेवढं दादाचं होतं."

"म्हणजे मृदू आणि काटकसरी मीच," दादा पुटपुटला. काकूंनी डोळे वटारले तसा तो उठून गॅलरीत गेला. लेक दारातच खिळून उभी होती.

काका चौकटीवर हात ठेवून बसले. एवढा कडक माणूस, आणि आज पहिल्यांदाच पाहुण्यासारखा अवघडून बसला होता, आपल्याच घरात. मग काकांनी एक कोरा कागद घेतला आणि बायकोपुढे सरकवला.

"लिही. सावकाश."

काकूंनी सावकाश लिहिलं. जीव ओतून लिहिलं. तरी म्हातारा झाडावर चढला, सुई खाली पडली आणि दोरा समासाबाहेर गेला. शिरोरेषा एकाही शब्दाला नव्हती.

काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला. आतल्या गाठीची. हट्टी. कोणाचं न ऐकणारी. सगळं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते वाचता येणारा माणूस त्या घरात एकच होता. काकांची नजर कागदावरून सोफ्याकडे गेली आणि नकळत हात मिशांच्या जागी. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं.

"घाईत लिहिलंस," ते म्हणाले.

काकूंनी लेकीकडे पाहिलं नाही. हसल्याही नाहीत. चौकट उचलून पदराने तिची काच पुसत त्यांनी अगदी मृदू आवाजात विचारलं, "अहो, त्या मुलानेही त्या दिवशी घाईतच लिहिलं असेल का हो?"

काकांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"असेल," ते म्हणाले. "दुकान बंद करून तसाच धावत आला होता बिचारा."