आमच्या बादशहाचं मऊ तोंड

आता कुठून सुरुवात करू? गाढवपणा माझाच, त्यामुळे दुसऱ्यावर ढकलताही येत नाही!

धुळ्याजवळच्या एका गावात मी मास्तर होतो. गावात पहिला टीव्ही आला, त्या सुमाराची गोष्ट. बदली झालेल्या एका रेल्वेच्या साहेबांनी जाताना मला त्यांचा लांब कानांचा, स्पॅनियल जातीचा कुत्रा दिला. नाव बादशहा.

साहेब म्हणाले, "याचे वाडवडील शिकाऱ्याने पाडलेली पाखरं झुडपातून, पाण्यातून शोधून आणायचे. तोंड इतकं मऊ, की वस्तूला दात लागत नाही. काही आणून दिलं की बिस्किट द्यायचं, नाहीतर खट्टू होतो."

काय ते कान! पाणी प्यायला वाकला की तोंडाआधी कान भिजायचे. मग ते पुसा, कोरडे करा, अंगावरचे केस विंचरा. एवढं मी स्वतःचं डोकंही कधी विंचरलं नव्हतं.

गाव बघायला लोटलं.

"मास्तर, हाई बकरी किती दूध देस?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

मलाही भारी कुतूहल. हा दिवसभर नाक जमिनीला लावून काय हुंगतो? कुणावर गुरगुरत कसा नाही? चोर आला तर बहुतेक त्यालाही शेपूट हलवून चप्पल आणून देईल!

आणि रोज सकाळी माझ्या उंबऱ्यावर एक अंडं असायचं. शेजारी बादशहा, राखणीला बसल्यासारखा. मला नवल वाटलं नाही. मास्तरच्या दारात लोक गुपचूप वांगी ठेवत, पेरू ठेवत. तसंच हेही. मी त्याला राखणीचं बिस्किट द्यायचो आणि आमलेट करायचो.

आठवड्याने शेजारच्या अक्का ओरडतच बाहेर आल्या. "मना अंडा कोन लई जास रे?"

खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवायची म्हणून त्या टोपलीत कापसावर अंडी साठवत होत्या. रोज एक कमी! संशय गेला समोरच्या नानांच्या मोत्यावर. मोत्या म्हातारा, गावठी, दिवसभर अक्कांच्या अंगणात लोळणारा. आणि त्या संशयाला हवा कुणी दिली? मीच!

पारावर उभा राहून मी भाषण ठोकलं. "खानदान लागतं हो! आमच्या बादशहाच्या रक्तातच शिस्त आहे. गावठी कुत्र्याला काय कळणार?"

नानांचा चेहरा उतरला. मोत्याला त्यांनी बोटाने दूध पाजून वाढवलं होतं. "उद्या त्याले पाचोराले धाडी देस," ते पुटपुटले. पाचोऱ्याला त्यांची लेक होती. मोत्या बिचारा त्यांच्या पायावर डोकं ठेवून पडला होता. मला वाईट वाटलं, पण भाषण थांबेना.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बादशहा आला. कान झुलवत, ऐटीत. माझ्या पायाशी बसला, तोंड उघडलं आणि एक अंडं अलगद मातीवर ठेवलं. तडासुद्धा नाही! मग माझ्याकडे बघत शेपूट हलवू लागला.

आणि माझा हात? सवयीने खिशात गेला! सगळ्या गावादेखत मी त्याला बिस्किट दिलं.

"बाकीना अंडा कोठे शेतस, मास्तर?" अक्कांनी विचारलं.

सकाळचं आमलेट अजून पोटात होतं. माझा हात आपोआप पोटावर गेला, तो अक्कांनी पाहिला.

"नाना," त्या म्हणाल्या, "मोत्याले राहू द्या. पाचोराले ह्या मास्तरले धाडा!"