म्हात्रेंनी भट्टीची पॉवर का उतरवली

"म्हात्रे, हे सस्पेन्शन लेटर. सही करा."

प्लांट मॅनेजरसाहेबांनी कागद पुढे सरकवला. म्हात्रे आमच्या रोह्याच्या स्टील कारखान्याचे भट्टी ऑपरेटर. धरमतरकडच्या मिठागरवाल्या घरातले, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलेले. गुन्हा एकच. कॉम्प्युटर 'फुल पॉवर' सांगत असताना आठवडाभर ते पॉवर उतरवत होते.

तो प्रोग्रॅम माझा. भट्टीत ग्रॅफाइटच्या जाड कांड्यांखाली विजेचा आर्क पेटतो. तिथला वायू इतका तापतो की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. हा प्लाझ्मा. त्याच्या प्रारणाने, म्हणजे नुसत्या झळीने, भट्टीची भिंत वितळू शकते. म्हणून स्लॅगचा, म्हणजे वितळलेल्या मळीचा, फेस वर आणून आर्क झाकतात. माझा सेन्सर झळ मोजतो आणि भिंत किती तापणार याचा आधीच अंदाज बांधून प्रोग्रॅम किती पॉवर द्यायची ते सांगतो.

"आर्क उघडा पडतो, साहेब," म्हात्रे म्हणाले. "फेसाखाली असला की गुरगुरतो. आता तडतडतोय."

"तुमचा कान खरा की यांचा ग्राफ?"

मी ऐटीत ग्राफ दाखवला. लेझर पॉइंटरसकट! रेषा अगदी तळाला, शांत.

म्हात्रेंनी पेन उचललं आणि ते माझ्याकडे वळले. "खंडेनवमीपातूर तुमचा आकडा नि माझा कान जुळत व्हता. मंग काय झालं?"

पॉइंटर खिशात गेला. मागचा ग्राफ काढला. खंडेनवमीच्या पूजेनंतर भट्टी चालू झाली, त्या क्षणापासून रेषा खाली.

"सही थांबवा," म्हणालो आणि प्लॅटफॉर्मवर धावलो. सेन्सर उघडला. काचेच्या मधोमध हळदकुंकवाचा टिळा, वाळून कडक झालेला.

लावणारा मीच. सगळा स्टाफ जमलेला, हातात ताट, अंगात नाटक. 'आधी डोळ्याला!' अशी आरोळी ठोकून मी काचेवर बोट टेकवलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

काच पुसली. पुढच्या हीटला, म्हणजे पोलादाच्या पुढच्या घाण्याला, रेषा थेट लाल पट्ट्यात. भिंतीचं एक पॅनल आधीच काळवंडलं होतं. ते थंड ठेवायला त्यामागे पाणी खेळतं. भोक पडून ते वितळलेल्या लोखंडात शिरलं असतं तर स्फोट झाला असता, आणि प्लॅटफॉर्मवर पहिले म्हात्रेच उभे होते.

साहेबांसमोर सगळं कबूल केलं. त्यांनी म्हात्रेंचं लेटर फाडलं आणि मला मेमो दिला.

मग म्हात्रेंनाही टिळ्याचं सांगितलं.

"कुंकू कपालाला लावतात, साहेब. डोल्यात नाय घालत."

आता मी ग्राफसोबत काच तपासल्याची तारीखही लिहितो. पुढच्या खंडेनवमीला ताट म्हात्रेंच्या हातात होतं. मी नारळ फोडला, तोही भट्टीपासून लांब.