दारातली जीप

सातवीत शाळा सुटली आणि एकविसाव्या वर्षी घर. घर परभणीकडचं, तिथून मला मनोरुग्णालयात भरती केलं आणि परत न्यायला कोणी आलं नाही. चार वर्षांनी साहेबलोकांच्या डोक्यात शिरलं, की बऱ्या झालेल्यांनी भिंतीआड नाही, समाजात राहायचं. समाज म्हणजे कोण, ते त्यांनाही ठाऊक नसावं. तिथल्या एका वॉर्डबॉयची मोठी बहीण नाशकात, पंचवटीच्या पुढं झेंडू लावायची, तिनं मला ठेवून घेतलं. म्हणजे समाज ती एकटी काकू.

मळ्यात फुलं खुडायची, पडवीत हार ओवायचे, ते देवळात जायचे. गल्लीत ती सांगायची, "पुतण्या हाय, लांबचा." सहा महिने निभावलं.

मग मी समाजात कसा रुळलोय ते बघायला साहेब आले. जीपच्या दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत 'मनोरुग्णालय'. गाडी बरोबर दारात. वर हाक, "पेशंट आहे का घरी?" रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याबद्दलचा छापील कागद त्यांनी मला अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यानं टोपली परत पाठवली. वेड्यानं ओवलेले हार देवाला चालत नाहीत म्हणे. सहा महिने देवानं काही तक्रार केली नव्हती. पण काकूचं मोठं गिऱ्हाईक तेच. मी कपडे पिशवीत भरून ठेवले. तिनं काढलं तर जायचं कुठं? गाडीचा आवाज आला की मी पिशवी जवळ ओढायचो.

महिन्यानं जीप आलीच. साहेबांनी फॉर्म काढला. "मावशी, हा लोकांत मिसळतो का?"

"मिसळत व्हता. तुमची गाडी येईस्तोवर."

साहेबांनी 'नाही' लिहिलं. "मग परत न्यावं लागेल."

काकूनं झेंडूची पाटी त्यांच्यापुढं सरकवली, हातात सुई दिली. "न्या की. आधी त्याच्या वाटचा एक हार ओवून द्या, मग न्या."

साहेब बसले. दोन फुलं फाडली, तिसऱ्याला बोट टोचलं. गल्ली जमलीच होती.

"देठातून घाला सुई, देठातून!"

"लय शिकलेला दिसतोय," शेजारीण म्हणाली. "याच्यापरीस काकूचा पुतण्या बरा!"

पुतण्या म्हणाली ती.

साहेबांनी 'नाही' खोडून 'होय' केलं. कोणात मिसळतो, ते विचारलं नाही. पुढच्या खेपेपासून जीप पुलापलीकडे ठेवून ते पायी यायचे, माझ्या गोळ्या भाजीच्या पिशवीत. एवढी सुधारणा झाली त्यांच्यात. पुजाऱ्याला काकूनं परत विचारलंच नाही, हार बाजारात बसून विकले.

मी पिशवीतले कपडे काढून खुंटीला लावले. काकूनं बघितलं, आणि दुसरी पाटी पुढं ढकलली.