सावळीराम पंच आणि वर गेलेली ढोली

नाशकात एका पोलीस चौकीसमोर गटारावर फळ्या टाकून सावळीराम इस्त्रीचं दुकान चालवायचा. गटार सरकारी, पत्रा चौकीच्या भिंतीला टेकलेला, कोळसा तेवढा त्याचा स्वतःचा. अतिक्रमणवाल्यांची गाडी दरसाल यायची आणि शेजारच्या केळीवाल्याला उचलून न्यायची. सावळीरामकडे कुणी डोळा वर करून बघितलं नाही. कारण सावळीराम पंच होता.

गावकीतला पंच नव्हे हो, पंचनाम्यातला. पोलिसांना एखादी वस्तू जप्त करायची तर दोन प्रतिष्ठित नागरिकांनी ती डोळ्यांनी बघून सही करावी लागते. आता प्रतिष्ठित नागरिक भर उन्हात कुठे हुडकत बसायचे? चौकीच्या दारातच दोघं तयार होते. एक सावळीराम, दुसरा पानटपरीवाला मोतीराम. हवालदाराने हाक मारली की सावळीराम इस्त्री उभी करून ठेवायचा, हात पुसायचा आणि जाऊन सही ठोकायचा. सही मात्र बघण्यासारखी. शाळा चौथीत सुटली, पण शेवटच्या अक्षराची शेपटी त्याने अशी लांबवली होती की मोतीरामला सहीसाठी कागद उलटा करावा लागे. बघायचं काम पोलिसांचं, सहीचं या दोघांचं. हातभट्टीची दारू, चोरीची भांडी, सायकली, एकदा तर एक म्हैस, सगळं त्याने न बघता ओळखलं होतं.

त्र्याहत्तर साली दिंडोरीकडच्या एका मळ्यात राखणदाराचा खून झाला. आदल्या दिवशी त्याच्याशी भांडलेला बहिरू नावाचा शेतमजूर पकडला गेला. कागदावर असं होतं, की बहिरूने पंचांसमक्ष ओढ्याकाठच्या करंजाच्या ढोलीतून कोयता काढून दिला. त्या दिवशी सावळीराम दुकानात साहेबांच्या गणवेशाला कडक घडी घालत होता. संध्याकाळी सही केली.

कोर्टात भलेभले साक्षीदार ततपप करतात. सावळीराम नाही. ‘आरोपी पुढे चालत होता, आम्ही त्याच्या मागे’ हे वाक्य त्याला आरतीसारखं पाठ. बहिरूच्या वकिलाने विचारलं, ढोली किती उंचीवर होती? कागदात उंची नव्हती. पण सावळीराम अडला नाही. त्याने तळहात छातीला लावला आणि म्हणाला, “इथं. आरोपीनं बेड्यांसकट दोन्ही हात आत घातले अन् कोयता काढला.”

साक्षीला एक सुरकुती नव्हती. निकालात लिहिलं गेलं, की पंचाची साक्ष स्वाभाविक वाटते. हे कुणीतरी येऊन सांगितल्यावर सावळीराम पुढे पंधरा दिवस अगदी स्वाभाविकपणे चालत होता. बहिरूला जन्मठेप झाली.

शहाऐंशी साली मुंबईहून एक मॅडम व्हिडिओ कॅमेरा घेऊन आल्या. बहिरूच्या खटल्यात चूक झाली असावी, यावर त्यांचा माहितीपट होता. मोतीराम तोवर वारला होता, उरला होता एकटा सावळीराम. त्याच्या साक्षीत कुठे भोक सापडलं तर एक वकील कोर्टात नव्याने अर्ज करणार होता. बहिरूच्या घरची सगळी आशा त्या न सापडलेल्या भोकावर होती.

सावळीरामच्या बायकोला, लताबाईला, हे लक्षण ठीक दिसेना. “अहो, काय बोलायचं ते दुकानात बसून बोला,” ती म्हणाली. “चौकीवाल्यांचं मन फिरलं तर ही फळी राहायची नाही.” पण मॅडम म्हणाल्या होत्या, की काका, तुमच्याशिवाय फिल्मच नाही. त्यानंतर कोण बायकोचं ऐकतो? त्याने सदऱ्यावर दोनदा इस्त्री फिरवली आणि जीपमध्ये बसला.

मळ्याच्या तोंडाशी बहिरूची बायको सगुणाबाई उभी होती. मॅडमनी सांगितलं, की काका, त्या दिवशी गेलात तसेच पुढे चला, आम्ही मागून शूटिंग करतो. आजवरच्या सगळ्या पंचनाम्यांत सावळीराम कागदावर मागे चालत आला होता, पुढची जागा आरोपीची. बांधाला दोन वाटा फुटल्या. त्याने सवयीने हवालदारासाठी मागे बघितलं. हवालदार नव्हता.

“डावीकडं, भाऊ,” सगुणाबाई म्हणाली. “उजवीकडं विहीर हाय.”

करंज भलामोठा होता. मॅडमनी विचारलं, कोयता कुठे होता? सावळीरामचा तळहात आपोआप छातीला गेला. तिथे नुसती साल होती. त्याने मान वर केली. ढोली होती, पण दोन पुरुष उंचीवर. कॅमेरा चालू होता. मग आजवर कधी दगा न दिलेली हुशारी पुन्हा धावून आली.

“तेरा वर्षं झाली, मॅडम,” तो म्हणाला. “झाड वाढलं. ढोली वर गेली.”

मॅडम दादरच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या. त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहूनही घेतलं. सावळीराम सुटला होता. तेवढ्यात सगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली.

“झाड शेंड्याला वाढतं, भाऊ. ढोली जाग्यालाच ऱ्हाती. मी लगीन होऊन आले तवापासून तिथंच हाय. पोळं काढाया शिडी लावावी लागती.” मग हसू थांबलं आणि तिने विचारलं, “मालक बेड्या घालून शिडी चढले व्हय?”

टोमणा असता तर सावळीरामने परतवला असता. पण ती खरंच विचारत होती. तेरा वर्षं नवऱ्याची बारीकसारीक खबर मिळेल तिथून गोळा करायची तिला सवय लागली होती. आणि हा माणूस तर त्या दिवशी बहिरूबरोबर होता ना!

“आरोपी पुढे चालत होता...” सावळीरामने सुरू केलं. वाक्य पुढे सरकेना. त्याने झाडाकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, शेवटी सगुणाबाईकडे.

“ताई, मी इथं आजच आलोय. कोयता बघितला तो चौकीत, टेबलावर.”

वकिलाने लिहून आणलेल्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी त्याने ते दोनदा वाचून घेतलं. त्या दिवशी सहीची शेपटी आखूड आली. अर्ज कोर्टात गेला आणि कोर्टाच्या चालीने चालू लागला. बहिरू शिक्षेत सूट मिळून सत्त्याऐंशीत घरी आला, तेव्हा अर्जाची पुढची तारीख दोन महिन्यांवर होती. खून त्याने केला होता की नाही, हे माहितीपटालाही सांगता आलं नाही. सावळीरामला तर ते कधीच माहीत नव्हतं.

दुकानाचा निकाल मात्र लवकर लागला होता. शूटिंगनंतर महिन्याच्या आत गाडी आली आणि पहिल्यांदाच केळीवाल्याला ओलांडून पुढे थांबली. फळ्या, पत्रा, इस्त्री, सगळं जप्त. जप्ती म्हटल्यावर पंच हवेत. हवालदाराने समोरच्या सलूनमधून जयरामला हाक मारली. तो वस्तरा हातात घेऊनच आला, गिऱ्हाइकाचा एक गाल साबणात तसाच.

सावळीराम म्हणाला, “जयराम, सही करण्याआधी सामान मोजून घे. फळ्या किती ते बघ.”

“काका, तुम्ही कधी मोजलंत?” जयराम म्हणाला, आणि गाडीकडे न बघताच त्याने सही केली. शेपटी चांगली लांब होती.