खाली नाव नसलेलं पत्रक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, ज्यांच्याबरोबर मोर्च्यांत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण काय? तेही नीट सांगता येत नाही.

आमच्या कोपरखैरण्याच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात, युनियनचे. ते लिहायचे, मी शुद्धलेखन तपासायचे, आणि सकाळच्या पाळीला गेटवर आम्ही दोघं वाटायचो. बाबांचा नियम एकच — खाली स्वतःचं नाव छापायचं. ज्याला झोंबेल त्याला धरायला एक माणूस मिळाला पाहिजे, आणि तो आपण असलो पाहिजे. मोठी झाल्यावर हेच मी इतरांना शिकवत फिरले. निनावी लिहिणाऱ्यांची चारचौघांत टर उडवली.

सुनंदामावशी आमच्या शेजारच्या. सीवूड्सला फिश अँड चिप्सचं एक हॉटेल आहे, तिथे त्या तळणीवर होत्या. गेल्या उन्हाळ्यात उकळतं तेल त्यांच्या डाव्या हातावर उडालं, मनगटापासून पार कोपरापर्यंत. मॅनेजरने बर्फाची पिशवी दिली आणि पाळी पुरी करून घेतली. मावशींनी हे आमच्या ओट्यावर बसून सांगितलं — तक्रार म्हणून नव्हे, हात ठणकत होता म्हणून. माझं नाव कुठे घेऊ नको, असंही म्हणाल्या.

मी त्यांचं नाव घेतलं नाही. पत्रक मात्र लिहिलं. डावा हात, बर्फाची पिशवी, पुरी करून घेतलेली पाळी — सगळं. चांगलं उतरलं होतं. ते घेऊन मी स्टेशनबाहेर उभी नाही राहिले. मॉलच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांना अडकवून आले.

आणि खाली काय छापलं? ‘एक कामगार.’

का? इथेच मी घुटमळतेय. मी तेव्हा एका जाहिरात कंपनीत नवीन होते, प्रोबेशनवर. त्या हॉटेलचं मेन्यूकार्ड आमच्याच कंपनीने केलेलं. त्यातला मजकूर माझा — ‘कुरकुरीत, ताजं, मायेने तळलेलं.’

‘एक कामगार’ वाचल्यावर ते कामगारच शोधणार ना? भाजलेला डावा हात त्या किचनमध्ये कितीजणींचा होता? पत्रकांत वाढलेल्या मला हे कळलं नसेल, असं वाटतं तुम्हाला? छापखान्यात प्रूफ हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं. मी छापा म्हटलं.

एक प्रत फिरत फिरत बाबांकडे आली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. म्हणाले, लिहिणारा हुशार आहे, पण भित्रा. मी म्हटलं, हो ना.

तरी मुद्दा अजून हा नाही.

चार दिवसांनी आमची ऑफिसची टीम त्याच हॉटेलात जेवायला गेली. मला नाही म्हणता आलं असतं. गेले. मासा आला, चिप्स आले, आणि मॅनेजरने मावशींना काउंटरपाशी बोलावलं. पत्रक त्याच्या हातात. आवाज सगळ्या टेबलांना पुरेल असा.

“मावशी, हे कोणी लिहिलं?”

“मला सही येते सायब. तेवढीच.”

“मग काय पापलेटने लिहिलं?”

आमचं टेबल हसलं. मीही हसले.

हे सांगायचं होतं. घाबरून गप्प बसले असते तर एक वेळ — नाही, तेही नको. मी हसले. दात दिसतील एवढी.

मावशींनी मला पाहिलं. आठ-दहा पावलांवर होते मी. ही गोष्ट त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलेली नव्हती. लिहिणारी कोण, ते त्यांना त्या क्षणी कळलं असणार. मॅनेजरने परत परत विचारलं, कुणापाशी बोललीस? त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, कुणापाशीच नाही. मग त्याने अ‍ॅप्रन काढून ठेवायला सांगितला. पाठीमागची गाठ डाव्या हाताने सुटेना. कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने सुटली.

मी प्लेट संपवली. सॉससुद्धा पुसून खाल्ला.

मावशी आता कामोठ्याला बहिणीकडे असतात, दोन घरी पोळ्या करतात. परवा तिथल्या बाजारात समोरासमोर आलो. मी बोलायला तोंड उघडत होते — काय बोलणार होते, माहीत नाही — तर त्यांनीच आधी विचारलं.

“बाय, नोकरी पक्की झाली ना तुझी?”

टोमणा नव्हता. मी चेहरा नीट पाहिला, नव्हता.

हो म्हणाले. त्याच महिन्यात झाली होती.