डायनॅमोवर चालणारा आवाज

घशाचं ऑपरेशन होऊन माझं स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हा मी पैठण रोडच्या बाजूच्या वस्त्यांमधून सायकलवर फिरून मिक्सर, कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत होतो. त्याआधी बरीच वर्षं चितेगावच्या एका कारखान्यात मोटारींचं वायंडिंग केलं होतं. तिथलं कंत्राट संपलं तशी सायकल बाहेर काढली, मागं हत्यारांची पेटी बांधली आणि फिरायला लागलो. हा धंदा गळ्याचा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायची, वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीत येते, काहीतरी विचारते, खालून उत्तर द्यायचं. उत्तर पटलं तर मिक्सर खाली येतो.

ऑपरेशननंतर श्वास मानेच्या पुढच्या छिद्रातून सुरू झाला आणि तोंडातून फक्त ओठ हलायचे. दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी टॉर्चएवढं एक यंत्र हातात दिलं. ते जबड्याखाली मानेला टेकवून बटण दाबायचं, ते गुरगुरतं, आणि त्या गुरगुरण्याला ओठांनी, जिभेनं शब्दांचा आकार द्यायचा. आवाज सपाट, चढउतार नसलेला. घरी येऊन मी बायकोला पहिला शब्द म्हणालो तो "चहा". तिला पहिल्या खेपेला कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं. ती आत गेली आणि चहा ठेवायचं सोडून ओट्याला धरून उभी राहिली.

यंत्राचा आवाज खोलीभर पुरायचा, गल्लीला नाही. मग बायकोनं तोडगा काढला. तिनं स्वतःच्या आवाजात "कुकर, मिक्सर, शेगडी दुरुस्त" असं रेकॉर्ड करून दिलं आणि ते वाजवणारा एक छोटा स्पीकर हँडलला अडकवून मी फिरलो. दोन गल्ल्यांत त्यातली अडचण कळली. वरून कुणी विचारायचं, "काचेच्या शेगडीचं बटन बसवता का?" आणि डबा आपला "कुकर, मिक्सर" म्हणत राहायचा. मी यंत्र मानेला लावून "हो, बसवतो" म्हणेपर्यंत बाई आत गेलेली असायची. कांचनवाडीत एकीनं खाली येऊन सांगितलं, "भाऊ, आधी त्या बाईला गप्प करा, मग बोलू."

त्या दिवशी घरी आल्यावर मी रेकॉर्डिंग पुसलं. बायको म्हणाली, "माझा आवाज चांगला नाय का?"

"चांगला आहे," मी यंत्रावर म्हणालो. "पण धंदा माझा आहे. मलाच बोलावं लागंल."

शिकवणीवाले सर कमरेला बांधतात तसा लहान ॲम्प्लिफायर आणला. त्याचा माईक ओठांसमोर, यंत्र मानेला, स्पीकर हँडलवर. आता माझा सपाट आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागला. पण एवढ्या मोठ्यानं चालवला की त्याची बॅटरी दुपारच्या आतच बसायची. पॉवर बँक घेतली. ती घरच्या लाईटवर अवलंबून, आणि पावसाळ्यात आमच्याकडची लाईट कधी जाईल, कधी येईल, सांगता येत नाही. गिऱ्हाइकाच्या घरी प्लग मागितला तर कुणी नाही म्हणायचं नाही, पण मग तिथंच बसून राहावं लागायचं. एका घरी चहा झाला, पाणी झालं, त्यांच्या जावयाच्या नोकरीची सगळी हकीकत ऐकून झाली, तेव्हा कुठं बॅटरीची एक रेघ वाढली. बाहेर आलो तर माझी सायकल भिंतीला टेकून उभी. दिवसभर मी ही चाकं फिरवतो आणि करंटसाठी दुसऱ्याच्या दारात बसतो, हे मला काही पटेना.

भंगारातून एक जुना डायनॅमो काढला, टायरला घासून फिरणारा, दिव्यासाठी असायचा तो. त्यातून येणारा करंट उलटसुलट असतो, म्हणून चार साधे डायोड जोडून तो एका दिशेचा केला, एक कंडेन्सर लावला आणि पुढं पाच व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर बसवला. त्यावर ॲम्प्लिफायरची चार्जिंगची पिन. टेबलावर सगळं बरोबर दिसत होतं.

सकाळी निघालो आणि नक्षत्रवाडीच्या चढालाच थांबलो. मानेतून श्वास घेणाऱ्या माणसाचा दम वेगळा असतो. धूळ जाऊ नये म्हणून छिद्रावर ओलं सुती फडकं बांधलेलं, त्यातून हवा ओढायची, आणि त्यात मागं तो डायनॅमो चाकाला धरून बसलेला. रस्त्याच्या कडेला बसून श्वास जागेवर आणला, मग रेग्युलेटरला बोट लावलं तर चटका बसला. चार्जिंगचा दिवा मात्र लुकलुकून विझत होता. पाय माझे, दम माझा, आणि सगळं त्या नखाएवढ्या तुकड्याला तापवण्यात गेलं होतं. मला राग आला. राग आला की पूर्वी मी शिवी देऊन मोकळा व्हायचो. आता शिवी द्यायलाही बॅटरी लागत होती.

बायकोनं सुजलेलं बोट पाहिलं. "नका करू असं म्हणत नाय मी," ती म्हणाली, "पण दम लागंस्तोवर करू नका."

"दम कमी लागावा म्हणूनच पुन्हा करतो," मी म्हणालो.

रविवारी सायकल अंगणात स्टँडवर लावली. बायको पाटावर बसून हातानं पॅडल फिरवू लागली आणि मी मीटर घेऊन बसलो. हळू, मध्यम, जोरात. मी हातानं खुणा करायचो, ती तसं फिरवायची. एक गोष्ट लगेच दिसली. ती कितीही जोरात फिरवू दे, करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपास येऊन अडायचा. व्होल्ट मात्र चढायला तयार होते. ते वरचे व्होल्ट माझा रेग्युलेटर नुसते जाळत होता. आणि हळू फिरवलं की उलट. साधे डायोड आपला वाटा आधीच खाऊन टाकायचे, उरलेल्यात रेग्युलेटरचं भागायचं नाही, आणि पुढं काहीच जायचं नाही.

"मी एवढं फिरवते ते जातंय कुठं?" बायकोनं कपाळ पुसत विचारलं.

मी बोटाचा फोड दाखवला.

मग ठरवलं की मधली खाणारी तोंडं काढून टाकायची. रेग्युलेटर नकोच. ॲम्प्लिफायरची स्वतःची बॅटरीही नको. सहा व्होल्टवर थेट चालणारी छोटी ॲम्प्लिफायरची पट्टी घ्यायची आणि तिला इमर्जन्सी लाईटमध्ये असते तसली सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी जोडायची. डायनॅमोतून डायोड, डायोडमधून सरळ बॅटरी. अर्धा अँपिअर हा करंट त्या बॅटरीला सोसणारा, म्हणजे त्याला आवरायची गरज नव्हती. व्होल्ट बॅटरीच धरून ठेवणार, वर चढून जळायला काही उरणार नाही, आणि तेवढाच पायावरचा भारही कमी होणार. फक्त डायोड असे हवे होते की जे कमी खातील. त्यांना शॉटकी म्हणतात.

ते आणायला पैठण गेटला गेलो. मोबाईलच्या दुकानांची गर्दी, हॉर्न, आणि माझ्याजवळ नुसतं मानेचं यंत्र. "श" हे अक्षर त्या यंत्रावर नीट निघत नाही.

"चौकी?" दुकानदार म्हणाला. "कौनसी चौकी?"

मी पुन्हा म्हणालो. त्यानं कागद आणि पेन पुढं सरकवलं. "मामू, लिख के दे दो ना."

लिहून दिलं असतं तर काम झालं असतं. ऑपरेशननंतर यंत्र मिळेपर्यंत कितीतरी दिवस मी पाटीवर लिहूनच बोललो होतो, आणि पाटीवर लिहिणाऱ्या माणसाशी लोक हळूहळू बोलायचंच सोडतात, हे मी पाहिलं होतं. मी कागद परत सारला आणि बाजूला उभा राहिलो. गर्दी थोडी ओसरली तसा पुढं होऊन, जीभ टाळूला दाबून, एकेक अक्षर सोडवत म्हणालो, "शॉट-की. डा-योड. चार."

"हां, शॉटकी," तो म्हणाला. "पहले बोलना था ना."

"पहिल्यापासून तेच बोलतोय," मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो. माझ्या हसण्याला आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात, पण त्याला ते कळलं. त्यानं एक डायोड जादा टाकून दिला.

तो जादाचा लगेच कामी आला, कारण पहिल्याच फेरीत एक डायोड जळाला. कारण शोधायला अख्खी दुपार गेली. डायनॅमोचं एक टोक त्याच्या अंगाला जोडलेलं असतं, म्हणजे सायकलच्या सांगाड्याला. आणि मी स्पीकर ज्या पत्र्याच्या पट्टीनं हँडलला आवळला होता, त्या पट्टीला बॅटरीची निगेटिव्ह तार लागलेली. करंट सांगाड्यातून आडवाटेनं फिरत होता. जुनी ट्यूब कापून पट्टीखाली रबर घातलं, तार वेगळी केली आणि डायोड बदलला. डायनॅमोही सैल करून पुन्हा बसवला. त्याच्या रुळाचा आस चाकाच्या बरोबर मधोमध रोखला नाही तर तो टायरवर तिरका घासतो आणि चालवणाऱ्याला उगाच जड जातं. दोरी लावून तो सरळ केला, तेव्हा बायकोनं पॅडल फिरवून पाहिलं. "आता हाताला कळतंय," ती म्हणाली. "मघाशी ओढल्यासारखं व्हत होतं."

दुसऱ्या दिवशी नक्षत्रवाडीच्या चढाला डायनॅमो टायरवरून उचलून ठेवला. चढ चढायला माझा सगळा दम मलाच हवा होता. चढ संपला तशी त्याची खिट्टी दाबली. रूळ टायरला लागला आणि पुढच्या सपाट रस्त्याला, उताराला तो आपलं काम करत राहिला. हँडलवर व्होल्ट दाखवणारं एक छोटं मीटर लावलं होतं. चितेगावच्या अलीकडे पहिलं गिऱ्हाईक मिळालं तोवर आकडा चढलेला होता. तिथून पुढं गल्ल्यांमधून बोललो, गावातून गावात गेलो, परत बोललो. दुपार गेली. मी सारखा मीटरकडं बघत होतो, आत्ता बसेल, मग बसेल म्हणून. ऊन उतरलं तरी बॅटरी बसली नाही.

त्यानंतर ती दिवसा कधी बसली नाही असं म्हणणार नाही. चिखलात रूळ घसरतो, तेव्हा टायर पुसत बसावं लागतं. बॅटरी पुरती भरली की डायनॅमो आठवणीनं उचलावा लागतो, नाहीतर ती जास्त चार्ज होऊन खराब होते. मानेच्या यंत्राची बॅटरी वेगळी, ती मी अजून घरीच चार्ज करतो आणि एक खिशात जादा ठेवतो. पण चार्जिंगसाठी कुणाच्या दारात बसावं लागलं नाही.

परवा चितेगावच्या पुढच्या एका वस्तीत मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बोलत होतो. एक बाई तरातरा बाहेर आली. तोंडावर बोट ठेवलेलं.

"ओ मामा, हळू बोला," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आत्ताच लेकरू झोपलंय माझं. लई मोठा आवाज आहे तुमचा."

मी स्पीकर बंद केला आणि नुसत्या मानेच्या यंत्रावर विचारलं, "मिक्सर आहे का काही?"

"आहे की. पातं अडकलंय. पण इथंच करा, पायरीवर. आत नको."

पायरीवर बसून मी भांडं उघडलं. पात्याखाली खोबऱ्याचा तुकडा घट्ट बसला होता.