काकींचा हौद

"चपला खाली!"

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकींच्या गच्चीवर जायचं, तर जिन्याच्या पहिल्याच पायरीवर हे ऐकावं लागे. मग तो केबलवाला असो की त्यांचा स्वतःचा जावई. तुम्ही गेला असतात, तर तुम्हीही अनवाणीच गेला असतात.

काकींचं माहेर मूळचं राजस्थानातलं, सासर पाणीटंचाईच्या बोदवडचं. पाण्याची किंमत त्यांना दोन्हीकडून शिकवली गेली होती. इथे घर बांधताना त्यांनी आधी स्वयंपाकघराखाली हौद बांधून घेतला, भिंती नंतर. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने त्यात उतरायचं, आणि पिणं-रांधणं वर्षभर त्यावरच. आमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनंतरही हटून बसे. काकींच्या पाण्यात तिसऱ्या शिट्टीला मेण!

पण जून-जुलैचा सगळा पाऊस त्या खुशाल अंगणात सोडून देत. गल्ली हसायची. मीही हसायचो. "काकी, भरून घ्या. पाऊस दगा देईल."

"मघा लागू द्या, भाऊ. मघा नक्षत्राचं पाणी वर्षभर नासत नाही."

ऑगस्टात मघा लागलं की गच्ची धुऊन, पाइपाला दुपदरी फडकं बांधून, मगच त्याचं तोंड हौदाकडे वळवायचं. दोन आठवड्यांत पडेल तेवढं आपलं. हट्टच तो, पण मला त्या हट्टाचं फार कौतुक वाटे.

त्या हौदातला एक तांब्या रोज सकाळी आमच्या आईसाठी येई. आईला दुसरं पाणी सोसतच नसे. "हाई पानी गोड शे," म्हणायची. एरवी तिच्या तोंडून कौतुक निघणं मुश्कील.

एका वर्षी ऐन मघात काकींच्या साक्रीला दिलेल्या लेकीचा पाय मोडला. काकी एकट्याच राहत. त्यांनी गच्ची धुतली, पाइप वळवला आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"रोज झाडून घ्या, भाऊ. आणि चपला..."

"खाली!" मी म्हणालो.

झाडत होतो हो मी! पण काकी गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकतात, हे मला ठाऊक होतं. त्या नाहीत म्हणून पाखरं उपाशी कशाला, म्हणून मीही दोन्ही वेळा ओंजळभर टाकू लागलो. मघात त्या ज्वारी मागच्या कुंपणावर टाकतात, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. अख्ख्या पिंप्राळ्यातली कबुतरं जमली. आणि एका दुपारी, मी ऑफिसात असताना, धो धो पाऊस पडला आणि कबुतरांची सगळी घाण घेऊन हौदात उतरला.

काकी परतल्या. हौदाचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं.

"पाखरांची पोटं भरली ना? मग बसा, चहा घ्या."

सगळं पाणी झाडांना गेलं. मी बादल्या ओढल्या आणि सत्तरीच्या त्या बाईने हौद घासला. मघाचे दोनच दिवस उरले होते. पाऊस आला, पण हौदात जेमतेम गुडघाभर पाणी जमलं.

आईचा तांब्या मात्र त्यानंतर एक दिवस चुकला नाही. मी ओशाळून "राहू द्या" म्हणे, तर त्या म्हणत, "पुरतं हो, भाऊ. पुरतं."

गेल्या हिवाळ्यात काकी गेल्या. भेटायला गेलो, तेव्हा लेक सहज बोलून गेली, "त्या वर्षी आई नळाचंच पाणी प्यायली. हौदातलं तुमच्या आईसाठी ठेवलं होतं."

घर बंद आहे. लेकीने किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे, कारण आईचा तांब्या अजून चालू आहे. यंदा मघा लागलं, तशी मी ज्वारी कुंपणावर टाकली, गच्ची धुतली, फडकं बांधलं. चौथ्या दिवशी पाऊस आला. हौदात धार पडू लागली, तेव्हा साक्रीला फोन लावून तो आवाज लेकीला ऐकवला.

ती म्हणाली, "दादा, चपला?"

"खाली," मी म्हणालो.